ट्यूब बदलली की आठ दिवस गोड, मग पुन्हा तीच रड

गिटारचा अँप माझाच. १५ वॉटचा कॉम्बो, म्हणजे अँप आणि बारा इंची स्पीकर एकाच पेटीत. आवाज वाढवायला काचेच्या ट्यूबा: शेवटच्या पॉवरच्या टप्प्याला दोन ईएल८४ आणि त्याआधीच्या प्रीअँपला तीन १२एएक्स७. तक्रार अशी: क्लीन आवाज हळूहळू पातळ होत जातो, वरच्या तारा किरट्या लागतात आणि जाडी तार जोरात छेडली की मागून खर्रर्र येते. इनपुटजवळची पहिली ट्यूब बदलली की अँप एकदम गोड. आठ-दहा दिवस जातात आणि परत तेच. नवीन ट्यूब, परत गोड, परत तेच. दीड वर्षात सात ट्यूबा झाल्या.

सोलापुरात मला या ट्यूबा दुकानात मिळाल्या नाहीत. मुंबईला कुणी निघालं की लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची चिठ्ठी द्यायची आणि सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. त्यात २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने ट्यूबांची निर्यात अडवल्याची बातमी आली आणि भाव चढले. आमचा ड्रमवाला एकदा म्हणाला, "किती ट्यूबा बदललालाव बे? एवढ्यात दुसरा अँप आला असता."

मजा म्हणजे या सातही ट्यूबांबद्दल माझी ठाम मतं तयार झाली होती. स्लोव्हाकियाची जाड, रशियाची मोकळी, चीनची जरा कोरडी. वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय. आता ती पानं वाचली की हसू येतं, कारण त्या आठ दिवसांत मी ट्यूब ऐकत नव्हतोच.

हे लक्षात आणून दिलं नव्या पेठेच्या मागच्या गल्लीतल्या अप्पांनी. रेडिओ-रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते ट्यूब म्हणत नाहीत, व्हॉल्व्ह म्हणतात, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह अजून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवतात. त्यांच्याकडे अँप नेला तो आठव्या ट्यूबची चौकशी करायला. अँप किरटा वाजत होता. त्यांनी ऐकून घेतलं, बंद केला, निवू दिला. मग माझ्या पिशवीतली मी 'मेली' म्हणून बाजूला टाकलेली पहिल्या नंबरची ट्यूब काढली आणि तीच घातली.

अँप गोड वाजला.

"तू नवी घातलीस म्हणून सुधारत नव्हता रे बाळा," अप्पा म्हणाले. "तू जुनी उपसलीस आणि परत खुपसलीस म्हणून सुधारत होता."

सगळं दुखणं एवढंच. नऊ पिनांची ट्यूब सॉकेटमध्ये शिरते तेव्हा प्रत्येक पिन आतल्या पितळी चिमट्याला घासत जाते. त्या घासण्याने काळपट थर निघतो, कॉन्टॅक्ट काही दिवसांपुरता चांगला होतो. चिमटा सैल असेल, अँप तापत-निवत असेल, टेम्पोत हादरे खात असेल, तर थर पुन्हा धरतो. मग आपण पुन्हा ट्यूब बदलतो, म्हणजे नकळत सॉकेट पुन्हा घासतो, आणि श्रेय नव्या ट्यूबला देतो. शिवाय प्रत्येक वेळी ट्यूब हलवत-डोलवत उपसली की चिमटे आणखी फाकतात. म्हणजे इलाज करता करता मी रोग वाढवत होतो.

आपल्याकडे याला साथ देणाऱ्या गोष्टीही भरपूर. एप्रिल-मे मध्ये बाहेरच पारा ४३ च्या पुढे जातो, कॉम्बोच्या बंद पेटीत ईएल८४ ची धग वेगळी. धूळ बारा महिने. पूर्व भागात, यंत्रमागाच्या शेजारी ज्यांचं घर आहे त्यांच्या अँपमध्ये तर कापसाचं तूस सॉकेटभोवती लोकरीसारखं बसलेलं पाहिलंय.

पाहायचं कसं

खोलीत अंधार करा आणि अँपच्या मागून पहिल्या ट्यूबकडे बघा. १२एएक्स७ च्या काचेत दोन वेगळे ट्रायोड, म्हणजे जणू दोन स्वतंत्र ट्यूबा असतात आणि प्रत्येकाची तापणारी तार वेगळी. बहुतेक नळ्यांत वर किंवा खाली दोन बारीक केशरी ठिपके दिसतात. आता एक लाकडी काडी घ्या. चायनीजच्या गाडीवर मिळते ती उत्तम, पेन्सिलही चालेल, पण टोकाला धातू नको. तिने काच हळूच बाजूला ढकला. माझ्या अँपमध्ये डावीकडे ढकललं की एक ठिपका मंद होत होत विझायचा, आणि दहा-पंधरा सेकंदांत आवाज पातळ व्हायचा. काडी सोडली की ठिपका परत यायचा, त्यामागून आवाज.

कारण चार नंबरची पिन. या ट्यूबेत एका तारेची वाट चार आणि नऊ यांच्यामधून, दुसरीची पाच आणि नऊ यांच्यामधून. गिटार अँपमध्ये बहुधा चार-पाच एकत्र जोडून ६.३ व्होल्ट देतात. प्रत्येक तार १५० मिलिअँपिअर ओढते. कॉन्टॅक्टमध्ये पाच-सहा ओहमचा अडथळा आला तरी सुमारे पाऊण व्होल्ट तिथेच जातो, तार अर्धवट तापते, कॅथोड (तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) गार पडतो आणि त्या अर्ध्या ट्यूबचा जोर कमी होतो. मी ज्याला 'ट्यूब थकली' म्हणत होतो ती प्रत्यक्षात उपाशी होती.

खरखर मात्र वेगळ्या पिनेची निघाली, तीन नंबर, म्हणजे कॅथोडची. एकाच सॉकेटमध्ये दोन सैल चिमटे, म्हणून लक्षणंही दोन आणि म्हणून डोकं दुप्पट फिरलं.

हातानं ओळखायची एक खूण सांगतो. काचेच्या डोक्यावर काडीने टकटक केल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा 'टंग' आला आणि लांबत गेला, तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे, आतले भाग कंप पावताहेत. बाजूला ढकलल्यावर 'खर्रर्र' आली तर सॉकेट. थोडासा 'टक' पहिल्या जागेवरची कुठलीही ट्यूब देते, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) जास्त असेल तर जास्तच देते. त्यासाठी ट्यूब फेकायची नसते. फेकायची ती, जी वाजवताना आपोआप शिट्टी धरते आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी सोडत नाही.

हात घालण्याआधी

आतमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, तो धरून ठेवू शकतात. ट्यूब नुसती बदलायची असेल तर बंद करा, प्लग काढा, निवू द्या, सरळ वर ओढा. फडक्याने धरा. एवढ्याला चेसिस (आतला धातूचा सांगाडा) उघडावं लागत नाही. पण सॉकेटच्या भोकात धातूची सुई घालणार असाल तर गोष्ट बदलते, कारण एक आणि सहा नंबरच्या पिना प्लेटच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या भागाच्या आहेत, तिथे तो ३०० व्होल्टच असतो. मल्टीमीटर डीसीवर लावून, एक टोक चेसिसला आणि दुसरं त्या पिनांना, काही व्होल्टांच्या आत आलाय हे बघितल्याशिवाय सुई घालू नका. मीटर वापरायची सवय नसेल तर हे काम रेडिओ-टीव्हीवाल्याकडून करून घ्या, तासाभराचं आहे. आणि स्पीकरची वायर काढून ट्यूब अँप कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

साफसफाई

दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॉकेटच्या भोकांत फवारा मारत सुटू नका, सगळा चिखल आत जातो. दातांच्या फटींसाठी मेडिकलमध्ये बारीक ब्रश मिळतो, तो भिजवून एकेका भोकात फिरवा. माझ्या सॉकेटमधून ब्रश काळा होऊन आला, चार वेळा पुसून घ्यावा लागला. त्या ब्रशमध्येही बारीक तार असते, म्हणजे वरचा मीटरचा नियम इथेही लागू. ट्यूबच्या पिना अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. काचेवरची छपाई पुसली जाते, तिकडे बोळा नेऊ नका, नाहीतर महिन्याभराने कुठली ट्यूब कोणती ते कळत नाही. मग ट्यूब पाच-सहा वेळा सरळ आत-बाहेर. अर्धा तास वाळू द्या, कारण हे द्रव पेट घेऊ शकतात.

नुसत्या सफाईने माझा अँप तीन आठवडे चालला. म्हणजे सुधारणा, पण इलाज नाही. खरा इलाज चिमटे आवळणं. अप्पांनी भिंग लावून दाखवलं, बाकीची सात भोकं गोल आणि घट्ट, तीन आणि चार नंबरची तोंडं उघडी पडलेली. गोधडीच्या सुईने त्यांनी चिमट्याचं पान बाहेरच्या बाजूने आत, भोकाच्या मध्याकडे, अगदी केसभर लोटलं. जास्त लोटलं तर पिन वाकते किंवा पान तुटतं. मग ट्यूब घातली तेव्हा ती पहिल्यांदा 'बसली'. तोवर ती नुसती ठेवलेली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

आवळूनही खरखर राहिली तर सॉकेटचं सोल्डर बघा. ज्या अँपमध्ये सॉकेट थेट सर्किट बोर्डावर बसवलेलं असतं तिथे वारंवार ट्यूब ओढून पिनेभोवती अंगठीसारखी बारीक चीर पडते. लक्षणं तंतोतंत सैल चिमट्यासारखी. चीर साध्या डोळ्यांना दिसत नाही, तिरप्या टॉर्चमध्ये दिसते. चिमटा फारच मऊ पडला असेल तर सॉकेट बदलणं स्वस्त. चिनी मातीचं सॉकेट एका ट्यूबपेक्षा कितीतरी कमी पैशात येतं.

दोष सॉकेटचा नसेल तर

सगळ्यांचा दोष सॉकेटचाच असेल असं नाही. आवाज कुठून येतोय हे शोधायला अँप बंद करून पहिली प्रीअँप ट्यूब काढा, परत चालू करा. खरखर गेली तर दोष त्या जागी किंवा त्याच्या आधी. राहिली तर दुसरी काढा, मग तिसरी. तिन्ही काढूनही येत असेल तर पॉवर ट्यूबा किंवा वीजपुरवठ्याचा भाग. काही अँपमध्ये तापवणाऱ्या तारा एकामागे एक जोडलेल्या असतात, तिथे एक ट्यूब काढली की बाकीच्याही विझतात. घाबरू नका, पण तिथे ही युक्ती चालत नाही. ट्यूब सॉकेटमध्ये नीट असून, ठिपके स्थिर असून, अँप तापल्यावर अर्ध्या तासाने पॉपकॉर्न फुटल्यासारखा आवाज यायला लागला तर बहुतेक वेळा प्लेटचा रेझिस्टर असतो, १०० किलोओहमचा. तो बदलायचा, ट्यूब नव्हे.

घरघरीचं निदान गिटारवाल्याला कानाने करता येतं. आपली वीज ५० हर्ट्झची. पुरवठ्याच्या फिल्टर कॅपॅसिटरनी दम सोडला की १०० हर्ट्झची घरघर येते, आणि सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा आहे. तो वाजवून घरघरीशी जुळतोय का बघा. घरघर त्याच्याही खाली, बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटच्या जीपाशी असेल तर ती ५० ची, मग अर्थिंग, वायरिंग किंवा तापवणाऱ्या तारेकडे बघायचं. ५० चीच असली तर एकदा दुसरी ट्यूब घालून बघा, तार आणि कॅथोड यांच्यात गळती असलेली ट्यूब असा हम देते. १०० ची असेल तर प्रीअँपच्या ट्यूबा कितीही बदला, बहुधा जाणार नाही.

आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर आवाज जात असेल तर अँप निर्दोष आहे. अशोक चौकाकडच्या एका मित्राकडे फक्त दुपारी गुणगुण यायची आणि तो ट्यूबांवर संशय घेत होता. शेजारचे माग बंद झाले की गुणगुण बंद. त्याच्या गिटारचे सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारी एकेरी वेटोळी, मागांच्या मोटरींचा विजेचा कचरा उचलत होते. गिटार घेऊन खोलीत स्वतःभोवती फिरला, एका दिशेला तोंड केल्यावर जवळजवळ शांत. आता तो त्याच दिशेला बसून रियाज करतो.

व्होल्टेज एकदा मोजा. जुन्या अँपचा ट्रान्सफॉर्मर २२० साठी गुंडाळलेला असेल आणि तुमच्या बोर्डावर रात्री उशिरा २४५ येत असतील, तर ६.३ च्या जागी ७ व्होल्ट जातात. तापवणाऱ्या तारेला दहा टक्क्यांची सूट असते, म्हणजे साधारण ५.७ ते ६.९. त्याच्या वर रोज चालवली तर ट्यूब खरंच लवकर म्हातारी होते.

आता मुद्दाम आवाज बदलायचा असेल तर

सॉकेट घट्ट झाल्यावर मी तीच वही घेऊन पुन्हा बसलो. निरनिराळ्या कारखान्यांच्या १२एएक्स७ मधला फरक, जो मला पूर्वी जमीन-अस्मानाचा वाटायचा, तो आता कांद्या-कांद्याइतका उरलाय. आहे, पण शोधावा लागतो. प्रकार बदलला की मात्र फरक डोळे मिटूनही कळतो.

१२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३, तिचा प्रवर्धनांक, म्हणजे सिग्नल वाढवण्याच्या ताकदीचा आकडा, १००. ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४४ च्या आसपास, १२एयू७ चा २० च्या खाली. पिना सगळ्यांच्या सारख्या. प्रीअँप ट्यूबला पॉवर ट्यूबसारखं बायस लावावं, म्हणजे तिचा प्रवाह जुळवून घ्यावा लागत नाही, काढली आणि घातली. माझं मत विचाराल तर पहिल्या जागेवर ५७५१ सगळ्यात कामाची. गेनचा नॉब घड्याळाच्या काट्यासारखा धरला तर आवाज बाराऐवजी दोनवर, म्हणजे उशिरा फाटायला लागतो आणि मधला टप्पा, जिथे छेड हलकी केली की साफ आणि दाबली की किंचित खरबरीत, तो रुंद होतो. चर्चमध्ये भजनाच्या मागे वाजवताना मला तोच हवा असतो. फेंडरच्या पन्नाशीतल्या उत्तरार्धातल्या बेसमन अँपमध्ये पहिल्या जागेवर १२एवाय७ च असायची, म्हणजे गेन कमी करून गोडवा मिळवण्यात नवं काही नाही. १२एयू७ मला घालून पश्चात्ताप झाला, आवाज लोकरीत गुंडाळल्यासारखा. तिथलं सर्किट १२एएक्स७ साठी आखलेल्या रेझिस्टरांवर चालतं, दुसऱ्या ट्यूबला ती चप्पल बसत नाही. १२एटी७ मी फेज इन्व्हर्टरच्या, म्हणजे दोन्ही पॉवर ट्यूबांना सिग्नल वाटून देणाऱ्या शेवटच्या प्रीअँप ट्यूबच्या जागी ठेवून पाहिली, आवाज जरा आखडता आणि स्वच्छ झाला. बेसवाल्याला आवडला, मला नाही.

एका वेळी एकच ट्यूब बदला, आणि तुलना करताना व्हॉल्यूम जुळवून घ्या. जास्त मोठा आवाज कानाला नेहमी 'जास्त चांगला' वाटतो. मोबाइल अँपपासून एका ठरलेल्या जागी ठेवून तीच चार मात्रांची ओळ रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. आणि हे महत्त्वाचं: जुनी ट्यूबसुद्धा एकदा काढून परत घालून मगच पहिलं रेकॉर्डिंग करा, नाहीतर घासलेल्या सॉकेटचा फायदा फक्त नवीला मिळतो.

दोन घोटाळे टाळा. ईएल८४ सुद्धा नऊ पिनांचीच, प्रीअँपच्या भोकात ती आरामात बसते. सगळ्या ट्यूबा एकदम उपसून टेबलावर ठेवल्या की हा घोटाळा होतो. आणि ऑडिओवाल्यांची ईसीसी८८ तशीच दिसते, पण तिची तार चार-पाचमध्ये आहे आणि नववी पिन नुसती आडोशाची. ती १२एएक्स७ च्या जागी घालायची नाही, विक्रेता काहीही म्हणो.

चिमटे आवळून आता चौदा महिने झाले. पहिल्या जागी ५७५१ आहे, ती पक्की केल्यापासून एकदाही काढलेली नाही. पिशवीतल्या सात 'मेलेल्या' ट्यूबा अप्पांनी एकेक करून लावून बघितल्या. पाच ठणठणीत निघाल्या. दोन खरोखरच मायक्रोफोनिक होत्या. त्यातली एक तिसऱ्या जागी, फेज इन्व्हर्टरला घातली, जिथे पुढे वाढवायला फारसं काही उरलेलं नसल्याने तिची टंगटंग ऐकूच येत नाही. ती अजून तिथेच आहे.